आमची वाटचाल : उसवलेल्या पहिल्या कोटापासून

आई माप डोळ्यांनी घ्यायची. माणूस दारात उभा राहिला की त्याच्या खांद्यांवरून एकदा नजर फिरवायची आणि उलूने, म्हणजे आम्हा इनुइट (आर्क्टिकमधल्या मूळ रहिवासी) बायकांच्या अर्धचंद्रासारख्या सुरीने, सील या समुद्री प्राण्याचं कातडं थेट कापायला घ्यायची. मी कॅनडाच्या दक्षिणेत शिवणकामाचं शिक्षण घेऊन उत्तरेकडच्या आमच्या इकालुइत शहरात परतले आणि घरच्या जेवणाच्या टेबलावर धंदा सुरू केला. पहिला कोट बगलेत आवळला. आईने तो सगळा उसवायला लावला. आमच्या फर्मची खरी सुरुवात मी त्या दिवसापासून धरते.

कातड्याचा बाजार तोवर पार बसला होता. १९८३ साली युरोपने सीलच्या पांढऱ्या पिल्लांच्या कातड्यांवर बंदी घातली. आमचे शिकारी पिल्लांमागे नव्हतेच, ते मांसासाठी मोठे सील मारतात. तरी भाव सगळ्याच कातड्यांचे कोसळले. २००९ च्या युरोपीय कायद्यात इनुइटांना सवलत आहे, पण गिऱ्हाइकाच्या मनातला संशय तेवढ्याने जात नाही. अमेरिकेत तर सागरी सस्तन प्राण्यांच्या संरक्षणाच्या १९७२ च्या कायद्यामुळे सीलचा माल पाठवता येत नाही. तिथल्या ऑर्डरी आम्ही जाड लोकरी कापडात शिवतो.

सगळ्यात जास्त शिकवलं ते अमाउतीने, बाळाला पाठीवर घेऊन वावरायच्या कोटाने. पाहणाऱ्याला वाटतं बाळ टोपीत बसतं. ते बसतं पाठीवरच्या पिशवीत, आईच्या अंगाला चिकटून; कमरेच्या पट्ट्यामुळे खाली सरकत नाही. खांदे मुद्दाम रुंद ठेवतात, म्हणजे बाळाला आतल्या आत पुढे घेऊन पाजता येतं, वारा लागू न देता. शहरात घालायच्या जाकिटासाठी आम्ही त्या खांद्यांची आणि मागच्या लांब घोळाची ठेवण घेतली, पिशवी घेतली नाही. जिथे बाळ बसायचंच नाही तिथे पिशवी लावणं मला पटत नाही.

२०१५ मध्ये परदेशातल्या एका ब्रँडने आमच्या एका अंगाकोकच्या, म्हणजे मांत्रिकाच्या, अंगरख्याची नक्षी न विचारता स्वेटरवर वापरली. त्या अंगाकोकच्या घरच्यांनी आवाज उठवल्यावर ब्रँडने माल मागे घेतला, माफीही मागितली. पण त्या अंगरख्यावरची चिन्हं त्या माणसाच्या रक्षणासाठी शिवलेली होती. ती बातमी वाचून मी दोन दिवस मशीनला हात लावला नाही. त्यानंतरच आठवड्यातून दोन संध्याकाळी वर्ग घ्यायला लागले.

वर्गात आधी पाणी न झिरपणारा टाका येतो. सुई कातड्याच्या अर्ध्याच जाडीतून काढायची, आरपार नाही, आणि शिवण दोनदा घालायची. कॅरिबू या हरणाच्या कंडरेचा (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या तंतूचा) दोरा भिजला की फुगतो आणि भोक बुजवतो. मुली पहिले काही दिवस आरपारच टोचतात. मग मी बूट पाण्यात बुडवून दाखवते.

आता कोट शिवायला आम्ही चौघी आहोत. त्यातल्या तिघी माझ्याच वर्गातल्या. आई अजून येते, खिडकीशी बसते आणि उसवायला सांगते.