निरंकार एकादशी आणि दिवेघाट

दिंडीत चालणाऱ्याला नियम वेगळे शिकवावे लागत नाहीत. गळ्यात तुळशीची माळ, एकादशीचा उपवास, मुखात नाम. समोर येईल त्याच्या पाया पडायचं, मग तो वयाने लहान का असेना. विणेकरी वीणा जमिनीवर टेकवत नाही, दुसऱ्याच्या गळ्यात घातली की मगच मोकळा होतो. मला ही शिस्त मनापासून आवडते. आपल्या आधी चालून गेलेल्या किती पिढ्यांनी ती सांभाळली, या विचारानेच पायांना बळ येतं. तरी वाटेत असे प्रसंग येतातच, की नियम एक सांगतो आणि आतून दुसरंच काही उठतं. तेव्हा कुणाचं ऐकायचं?

ज्येष्ठ वद्य एकादशीला माउलींची पालखी पुण्याहून सासवडला जाते. वाटचालीतला सगळ्यांत लांबचा टप्पा, ३० किलोमीटरच्या वर, आणि शेवटी दिवेघाटाची चढण. त्यात उपवास. आमच्या दिंडीतल्या एका आजींनी निरंकार धरली होती, म्हणजे पाण्याचा थेंबही नाही. वडकीच्या अलीकडे त्या चालता चालता रस्त्याच्या कडेला बसल्या. अंगाला दरदरून घाम, हात थरथरत होते. पिशवीत शुगरच्या गोळ्या सापडल्या. सकाळची गोळी त्यांनी उपाशीपोटीच घेतली होती, तीही कोरडीच गिळून.

आमच्यात एक नर्सताई होत्या. त्या म्हणाल्या, "साखर उतरलीय. आत्ताच्या आत्ता साखरपाणी द्या." आजींनी तोंड घट्ट मिटलं आणि मान हलवली. "माझं व्रत मोडू नका रे." भोवती पाच-सहा जण जमले. कुणी म्हणालं, त्यांची श्रद्धा आहे, आपण कोण मोडणारे? एक मावशी तावातावाने म्हणाल्या, "नाथबाबांनी काशीची कावड तहानलेल्या गाढवाला पाजली, ते काय उगीच?"

मला आतून स्पष्ट वाटत होतं, पाजायचंच. पण त्या स्पष्टपणाचीच मला धास्ती वाटली. व्रत त्यांचं होतं, माझं नव्हतं. दुसऱ्याच्या व्रतावर पाणी सोडायला माझं काय जाणार होतं? आपल्याला काहीच सोसावं न लागता मन जेव्हा ठामपणे बोलतं, तेव्हा मी त्याच्यावर लगेच विश्वास ठेवत नाही. पण विचार करत बसायला वेळही नव्हता. मी त्यांच्याजवळ खाली बसलो आणि म्हणालो, "आजी, तुम्ही घेईपर्यंत मी इथून उठत नाही. दिंडी जाऊ दे पुढं." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "वेडा आहेस का? माउलींबरोबर घाट चढायचा सोडून?" मग नर्सताईंच्या हातातला पेला त्यांनी स्वतःच ओढून घेतला.

हा दबाव होता का? होता. बळजबरी आणि विनवणी यांच्यामधली रेघ बारीक असते, हे मला मान्य आहे. पण पेला त्यांच्या हातात होता आणि प्यायचं की नाही हे त्यांनी ठरवलं, हे मला महत्त्वाचं वाटतं. हुशारी आल्यावर त्यांना थोडं खायला घातलं आणि पाण्याच्या टँकरवाल्याला सांगून पुढे बसवून पाठवलं. घाटात माउलींच्या रथाला जादा बैलजोड्या जुंपतात, सगळा डोंगर पताकांनी भरून जातो. ते पाहण्यासाठी मी वर्षभर थांबलो होतो. मी पोचलो तेव्हा रथ वर निघून गेला होता.

रात्री सासवडच्या तळावर दिंडीतल्या महाराजांना विचारलं, हे बरोबर झालं का. ते म्हणाले, "एकादशी नामासाठी आणि जागरासाठी. उपवास त्याच्या सोबतीला. निरंकार ज्याला झेपते त्याने करावी." मग जरा थांबून म्हणाले, "पण आतून जे वाटलं ते देवाचंच, असं धरून चालू नका. ते तुम्हाला उन्हात उभं करतं का सावलीत नेतं, एवढं बघत जा."

हे बोलणं लगेचच उपयोगी पडलं. जेजुरीच्या पुढे वाल्ह्याच्या वाटेवर मला नोटा कोंबलेला कापडी बटवा सापडला. शेजारी चालणारा एक तरुण कळवळून म्हणाला, "माउली, मागं त्या बाईचं पोर तापाने फणफणलंय, तिला देऊ. देवाचंच काम होईल." मलाही क्षणभर पटलं. पण ही दया दुसऱ्याच्या पैशावर होती. आम्ही दोघांनी आपापल्या खिशातून त्या बाईला दिलं, पोराला वैद्यकीय पथकाकडे नेलं आणि बटवा संध्याकाळी समाजआरतीला पोचता केला. तिथे सगळ्या दिंड्या गोलाकार उभ्या राहतात, चोपदाराने दंड उंचावला की हजारो टाळ एकदम थांबतात आणि हरवल्या-सापडल्या वस्तू पुकारल्या जातात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवतच राहते. मग चोपदार तिच्याकडे जातात आणि म्हणणं ऐकून घेतात. एवढ्या शिस्तीच्या सोहळ्यात न थांबणाऱ्या टाळाला जागा ठेवली आहे, याचं मला फार मोल वाटतं.

तुकोबा म्हणतात, "सत्य असत्यासी मन केले ग्वाही । मानियेले नाही बहुमता ॥" ही ओळ लोक आपल्या मर्जीच्या समर्थनाला सहज वापरतात. मला ती तशी वापरता येत नाही, कारण ते मन रात्रंदिवस स्वतःशीच झगडलेलं होतं. पंढरपुरात १ मे १९४७ ला साने गुरुजी तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले. विठ्ठलाचं मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्या भाविकांना खुलं व्हावं म्हणून. रूढी त्यांच्या विरोधात होती. त्यांनी दुसऱ्या कुणाचं काही मागितलं नाही, स्वतःचा जीव पणाला लावला. १० मे रोजी उपोषण सुटलं. ज्या दारात आज आपण सगळे एकाच रांगेत उभे राहतो, त्यामागे हे आहे. "भेदाभेद भ्रम अमंगळ" हे तत्त्व तर आधीपासून रोज गायलं जात होतं. त्यासाठी कुणीतरी उन्हात उभं राहायला हवं होतं.

लोणंदच्या मुक्कामात आमच्या दिंडीत आजींचा विषय पुन्हा निघाला आणि बराच वेळ चालला. शेवटी ठरलं, की ज्यांना रोजची औषधं आहेत त्यांनी निघतानाच दिंडीप्रमुखांना सांगायचं, आणि अशा माणसाला निरंकारीचा आग्रह कुणीही करायचा नाही. दोघा जुन्या वारकऱ्यांना हे पटलं नाही. उद्या प्रत्येक जण औषध दाखवून सूट मागेल, असं ते म्हणाले. त्यांच्या भीतीतही तथ्य आहे, म्हणून त्यांना कुणी गप्प केलं नाही. आषाढीला पंढरपुरात आजींनी सकाळी आधी फराळ केला, मग पाण्याबरोबर गोळी घेतली आणि त्या दोघांपैकी एकाला विचारलं, "तुमची बीपीची घेतली का?"