कपडे मोजता मोजता

आजचा अख्खा दिवस 'ड्रीम ऑफ द रेड चेंबर'मधले कपडे मोजण्यात गेला. म्हणजे मोजत होतं मशीन, मी चहा पीत यादी तपासत होते. अठराव्या शतकातली चिनी कादंबरी, १२० प्रकरणं. चिनीत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, त्यामुळे आधी प्रोग्रामने शब्द तोडायचे, मग 'कपडे', 'बाग' अशा खात्यांत टाकायचे. तिसऱ्या प्रकरणात घरचा कारभार बघणारी सून वांग शी-फंग येते ती लालभडक, सोनेरी फुलपाखरं नि फुलं भरलेला अंगरखा घालून. प्रोग्रामने त्या एका अंगरख्याचे तुकडे केले आणि फुलपाखरं थेट बागेच्या खात्यात टाकली! हसू आवरेना.

लेखक त्साओ श्वे-छिनच्या घराण्याकडे नानजिंगच्या शाही विणकामाचा कारभार होता, त्यामुळे कापडाच्या बाबतीत गडी हात आखडता घेत नाही. पण त्याच तिसऱ्या प्रकरणात नायिका दाय-यू पहिल्यांदा त्या घरात, म्हणजे आपल्या आजोळी येते, तिच्या अंगावर काय होतं हे तो सांगतच नाही. भुवया, डोळे, अशक्तपणा, बस्स. सगळ्यात बोलकी जागा हीच, आणि माझ्या तक्त्यात तिथे शून्य. ४९व्या प्रकरणात बर्फात मुली भारी झगे घालून जमतात, गरीब शिंग श्यौ-येन मात्र रोजच्याच जुन्या कपड्यांत.

आता 'वर्णन नाही' असा रकाना हातानेच भरावा लागणार. आणि ५२व्या प्रकरणात आजारी दासी छिंग-वेन रात्रभर जागून नायक बाओ-यूचा ठिणगीने जळलेला मोरपिशी झगा रफू करते, तो कशात टाकू? 'कपडे', की 'प्रेम'?