गॅसचा वास आलाच नव्हता

जानेवारीतली सकाळ, पुण्यात थंडीचा कडाका. कॅज्युअल्टीत तिशीतली एक बाई आणली. अंघोळीला गेली ती बाहेरच आली नाही. दार तोडलं तर फरशीवर पडलेली. सगळे म्हणत होते, फिट आली. सिस्टरनी बोटाला ऑक्सिमीटर लावला, आकडा 99. नवऱ्याचा जीव भांड्यात पडला.

माझा नाही पडला. कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या 200 पटींहून जास्त घट्ट धरून बसतो, आणि साध्या ऑक्सिमीटरला या दोन्हींतला फरकच कळत नाही. माणूस आतून गुदमरत असतो आणि यंत्र सगळं उत्तम असल्याचं सांगतं. थंडीत धडधाकट माणूस बंद बाथरूममध्ये पडला की मी आधी गीझरचं विचारते.

"गॅसचाच आहे, बाथरूममध्ये. पण वास अजिबात नव्हता हो, डॉक्टर!"

वास येतो तो न जळलेल्या गॅसला. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम वासाचं द्रव्य मिसळतात. जळताना ते जळून जातं. हवा अपुरी पडली की तयार होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना वास, ना रंग.

दिवाळीआधी त्यांनी बाथरूम नवं करून घेतलं होतं. काचेच्या पट्ट्यांची जुनी खिडकी काढून तिथे सबंध काच बसवली, थंडी आत येऊ नये म्हणून. देखणं झालं असणार. पण गीझर बसवणारा पाणी तापतं का तेवढं बघून जातो. धूर जाणार कुठून, हे कुणीच विचारत नाही, याचा मला मनस्वी राग येतो.

पूर्ण ऑक्सिजनचा मास्क लावला. साध्या हवेत हा वायू रक्तात निम्म्यावर यायला चार-पाच तास लागतात, अशा ऑक्सिजनवर तास-दीड तास. रक्ताचा रिपोर्ट आला, शंका खरी ठरली. दुपारपर्यंत ती नाव सांगू लागली.

तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "नातवाचंही अंघोळीनंतर डोकं दुखतं. आम्हाला वाटायचं, शाळा बुडवायला सोंग करतो."

मुलाला लगेच शाळेतून आणायला सांगितलं. घरी शेजाऱ्यांना फोन करून सिलिंडर बंद करायला लावला. सुनेच्या डिस्चार्ज कार्डावर लाल पेनाने लिहिलं: पुढचे काही आठवडे विसराळूपणा, चिडचिड किंवा चालताना तोल जाणं दिसलं तर ताबडतोब आणा. गीझर बाहेर, उघड्या गॅलरीत.