बोवीची वाइल्ड वन, बंद व्हायच्या आधी

वॉशिंग्टन डीसीच्या शेजारी मेरीलँडमधे बोवी नावाचं गाव आहे, तिथलं सिक्स फ्लॅग्स अमेरिका हे अम्युझमेंट पार्क २ नोव्हेंबर २०२५ ला कायमचं बंद झालं. मी ऑक्टोबरमधे ताईकडे होते. पार्क बंद होणार हे मे महिन्यातच जाहीर झालेलं, त्यामुळे भाच्याने मी एअरपोर्टवरून घरी पोचल्या पोचल्याच सांगून टाकलं, "मावशी, म्युझियम्स नंतर बघ, ती कुठे पळून जात नाहीयेत. आधी वाइल्ड वन." म्हणजे तिथली जुनी लाकडी रोलर कोस्टर.

शनिवारी सकाळीच निघालो. ताईचं घर रॉकव्हिलला, तिथून बेल्टवे पकडायचा आणि मग सेंट्रल अव्हेन्यूने सरळ. जिजू गाडी चालवताना जुन्या गोष्टी सांगत होते, नवीन लग्न झालेलं तेव्हा मित्रमंडळी मिळून इथे यायची, दुपारी परत पार्किंगमधे येऊन डिकी उघडून पोळीभाजी खायची आणि पुन्हा आत जायचं, नंतर दोघांचेही आईबाबा भारतातून आले की त्यांना एकदा तरी इथे आणायचंच. या भागातल्या कितीतरी मराठी घरांत हेच झालेलं असणार.

गेटवर तुफान गर्दी होती. हॅलोवीनचा फ्राइट फेस्ट चालू असल्यामुळे जिकडेतिकडे भोपळे आणि सांगाडे, पण लोकं सांगाड्यांपेक्षा राइड्सच्या बोर्डांसमोर उभं राहून फोटो काढत होती. भाचा आधी सुपरमॅन नावाच्या कोस्टरवर घेऊन गेला, दोनशे फूट वर नेलं आणि तिथून सोडलं, वर पोचल्यावर आजूबाजूला नुसती पिवळी-लाल झाडं दिसली आणि मग पुढचं काही दिसलं नाही कारण डोळे आपोआप मिटले. भारी होती, वादच नाही. पण मला लिहायचंय ते वाइल्ड वनबद्दल.

वाइल्ड वन ही लाकडी रोलर कोस्टर. १९१७ सालची. म्हणजे टिळक हयात होते तेव्हाची! आणि ती मुळात इथली नाहीच. मॅसॅच्युसेट्समधे हल म्हणून समुद्राकाठचं गाव आहे, तिथल्या पॅरागॉन पार्कमधे ती बांधली होती, जॉन मिलर नावाच्या त्या काळातल्या नामांकित डिझायनरने, तेव्हा तिचं नाव जायंट कोस्टर. मधे आगी लागल्या, दुरुस्त्या झाल्या, तरी चालू राहिली. १९८४ मधे पॅरागॉन पार्कच बंद झालं, समुद्राकाठची जागा, तिथे कॉन्डो म्हणजे फ्लॅट्स उभे राहिले. पण सामान लिलावात निघालं तेव्हा मेरीलँडच्या या पार्कने, त्याचं नाव तेव्हा वाइल्ड वर्ल्ड होतं, कोस्टर विकत घेतली आणि १९८६ मधे इथे उभी केली. मला ही गोष्ट फार म्हणजे फारच आवडली. एवढं अवाढव्य लाकडी धूड एका राज्यातून दुसऱ्या राज्यात न्यावंसं कोणालातरी वाटलं!

लाइनमधे उभं असताना अगदी जवळून खांब बघता आले. जुनी लाकडं करडी पडलेली, त्यांच्यामधेच एखादी नवी फळी पिवळसर, बोल्टच्या भोवती गंजाचा ओघळ. लाकडी कोस्टरचं असंच असतं, सुतार कायम फळ्या बदलत असतात, त्यामुळे १९१७ सालचं लाकूड त्यात फारसं उरलेलं नसतं, पण आराखडा आणि वळणं जपली जातात. गाडी वरून गेली की सगळा सांगाडा हलायचा. मी घाबरून ताईचा हात धरला तर भाचा म्हणाला, "हललंच पाहिजे मावशी, हललं नाही तर तुटेल." बरोबरच आहे ते, लाकूड थोडं लवचिक राहील असंच बांधतात.

मग आम्ही बसलो. दांडा मांडीवर आला, साखळीचा खडखडाट सुरू झाला आणि हळूहळू ९८ फुटांवर. उतारावर सीटवरून अक्षरशः उचलले गेले, एकदा नाही, प्रत्येक टेकाडावर, आणि शेवटी गोल गोल फिरवणारा एक मोठा वळसा होता त्यात मी आणि ताई एकमेकींवर आपटत लहानपणी हसायचो तशा हसत होतो. स्टेशनात परत आल्यावर सगळ्या गाडीने टाळ्या वाजवल्या. राइड चालवणाऱ्या बाईंनी हात वर करून सगळ्यांना थँक्यू म्हटलं आणि लगेच पुढच्या लोकांचे दांडे तपासायला लागल्या.

आता हे पार्क का बंद केलं? तर १ जुलै २०२४ ला सिक्स फ्लॅग्स आणि सीडर फेअर या दोन मोठ्या कंपन्या एकत्र आल्या, वॉटर पार्क धरून ४२ पार्क्स एका छताखाली, आणि डोक्यावर साधारण ५ अब्ज डॉलरचं कर्ज. त्यात २०२५ च्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला पावसाने लोकं फिरकली नाहीत. मग हिशोब असा की बोवीची ५०० एकर जागा पार्क म्हणून जे देते त्यापेक्षा विकून जास्त देईल. आम्ही तिकडे असतानाच बातमी आली की एका इन्व्हेस्टमेंट फर्मबरोबर मिळून अमेरिकन फुटबॉलवाल्या ट्रॅव्हिस केल्सीने कंपनीत सुमारे ९ टक्के हिस्सा घेतला, भाचा खूश, त्याला वाटलं आता पार्क वाचणार. पण बोवीचं ठरलेलं काही बदललं नाही. आणि उरलेल्यांपैकी आणखी काही पार्क्स विकण्याचाही विचार तेव्हा चालू होता.

कर्ज असेल तर काहीतरी विकावं लागणार, हे मला कळतं. पण पार्क विकणं वेगळं आणि पार्कची जमीन विकणं वेगळं. सिक्स फ्लॅग्सने २००५ मधे ह्यूस्टनचं ॲस्ट्रोवर्ल्ड हे पार्क बंद करून पाडलं, जमीन ७.७ कोटी डॉलरला गेली, अपेक्षेपेक्षा खूपच कमी, आणि त्यातला बराचसा भाग नंतर वर्षानुवर्षं मोकळाच, रोडिओच्या (काऊबॉय लोकांच्या घोडे-बैलांच्या खेळांच्या) वेळी गाड्या लावायला. उलट २००७ मधे त्यांनी सात पार्क्स चालू स्थितीत दुसऱ्या कंपनीला ३१.२ कोटी डॉलरला विकली, त्यातली काही तर २०१८ मधे सिक्स फ्लॅग्सनेच परत चालवायला घेतली! आपल्याकडे खोपोलीच्या इमॅजिकाचं बघा ना, २०१३ ला सुरू झालं, कर्जात बुडालं, कोविडमधे बंद पडलं, पण २०२२ मधे संगमनेरच्या मालपाणी ग्रुपने ताब्यात घेतलं आणि पार्क चालू राहिलं. चालवणारा बदलला तरी पोरांना जायला जागा राहिली. बोवीसाठी असा कोणी मालपाणी मिळायला हवा होता असं मला मनापासून वाटतं.

वाइल्ड वन आता कोणी घेईल का? एकदा घेतली होती की! एखाद्या पार्कने आराखडा, गाड्या आणि शक्य तेवढं लाकूड न्यावं, सगळं नाही जमलं तरी चालेल.

आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात ज्यांचं कोणी राहतं त्यांच्यासाठी. सँटा क्लाराचं कॅलिफोर्नियाज ग्रेट अमेरिका, १९७६ सालचं, तेही याच कंपनीचं. त्याची जमीन २०२२ मधेच ३१ कोटी डॉलरला प्रोलॉजिस या गोडाऊनवाल्या कंपनीला विकून झालीये, पार्क भाड्याने चालू आहे आणि २०२७ च्या सीझननंतर बंद व्हायची शक्यता आहे. तिथे गोल्ड स्ट्रायकर नावाची लाकडी कोस्टर आहे, २०१३ ची, म्हणजे वाइल्ड वनची पणतीच म्हणायची. पुढच्या ट्रिपला पोरांना घेऊन नक्की जा, आणि वीकएंड टाळा, लाइन फार असते म्हणे.