टपावर कयाक, मॅकिनॉवर वारा

मिशिगनमध्ये लेक सुपीरियरकाठच्या म्युनिसिंगला कयाक, म्हणजे वल्ह्यानं चालवायच्या लांबट होड्या, भाड्यानं मिळतात. मग डेट्रॉइटहून चारशे मैल टपावर बांधून न्यायच्या कशाला, असं बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, विचारलं, आणि प्रश्न रास्त होता. उन्हाळ्यात लेक सुपीरियर बहुतेक वेळा सकाळी शांत असतं, वारा दुपारकडे चढतो, आणि उजाडताना भाड्याची दुकानं उघडलेली नसतात. पहाटे पाण्यात उतरायचं तर कयाक आदल्या रात्रीपासून आपल्या ताब्यात हवी.

कयाक कसली हवी, हेही त्या सरोवरानंच ठरवलं होतं. पिक्चर्ड रॉक्सचे वालुकाश्माचे कडे म्युनिसिंगच्या ईशान्येला पंधराएक मैल पसरलेत. काही ठिकाणी दोनशे फूट उंच, सरळ पाण्यात उतरलेले. कड्यांखाली लांबच लांब पट्ट्यात कयाक ओढून घ्यायला काठच नाही. वारा उत्तरेकडून आला की लाट कड्यावर आपटून मागे फिरते, येणारी आणि परतणारी एकमेकींवर चढतात आणि पाणी उकळल्यासारखं उसळतं. नदीत मजेत चालणारी दहा फुटी, ऐसपैस तोंडाची कयाक इथे आणणं धोक्याचं. आमच्या दोन्ही सोळा फुटी सी-कयाक आहेत, पॉलिएथिलीनच्या, बावीस इंच रुंद, एकेक पंचवीस-सत्तावीस किलोची. एवढं लांब धूड उंच एसयूव्हीच्या टपावर चढवायचं आणि हायवेच्या वाऱ्यात तिथंच ठेवायचं, हा वेगळाच उद्योग आहे.

कयाक टपावर बसवायला दुकानात फोमचे ठोकळे, जे-क्रेडल आणि सॅडल असे तीन प्रकार मांडलेले होते. फोमचे ठोकळे स्वस्त. शेजारच्या तळ्यापर्यंत जायला ते पुरतात, हायवेसाठी मी तरी घेणार नाही. जे-क्रेडल म्हणजे इंग्रजी J सारखा आकडा, त्यात कयाक कुशीवर उभी राहते. जागा कमी लागते, शिवाय कयाकची कूस तळापेक्षा ताठ असल्यानं पट्ट्याखाली ती दबत नाही. रुंद कयाक दोन न्यायच्या असतील तर तोच मार्ग. पण कयाक बाजूनं डोक्यावर उचलून त्या आकड्याच्या टोकावरून आत टाकावी लागते. माझी उंची पाच फूट एक इंच, नवऱ्याची कंबर गेल्या वर्षीपासून कुरकुरतेय. आणि कुशीवर उभी केलेली कयाक आडव्या वाऱ्याला सबंध तळ दाखवते. आमच्या वाटेवर तर मॅकिनॉचा पूल होता, पाण्यावरचा, वाऱ्याचा.

सॅडलमध्ये कयाक पाण्यात बसते तशीच, तोंड वर करून बसते. एका कयाकला चार सॅडल, टपावरच्या पुढच्या आडव्या बारवर दोन आणि मागच्या बारवर दोन. आम्ही घेतलेल्या संचात पुढच्या जोडीला रबर आहे आणि मागच्या जोडीला फेल्ट, म्हणजे नमद्यासारखं कापड, आणि खरी गंमत याच फरकात आहे. कयाकचं पुढचं टोक आधी मागच्या सॅडलवर टेकवायचं, मग मागून नुसतं ढकलायचं. फेल्टवरून ती घसरत पुढे जाते आणि रबरावर जाऊन थांबते. सबंध वजन एका वेळी कुणालाच उचलावं लागत नाही. माझ्यासाठी निवड इथंच संपली.

बारवर जागा पुरेल का, हा हिशेब मात्र आधी केलेला बरा. दोन कयाक शेजारी शेजारी म्हणजे चव्वेचाळीस इंच, आमचा बार पन्नास इंचांचा. अठ्ठावीस इंची कयाक असत्या तर सॅडलचा नाद सोडावा लागला असता. दुसरा आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो. आमच्या टपाची मर्यादा पंचाहत्तर किलो आहे आणि त्यात बार आणि सॅडलचंही वजन धरायचं असतं. सगळं मिळून जेमतेम आत बसतं.

निघायच्या आदल्या संध्याकाळी ड्राइव्हवेवर बांधाबांध सुरू झाली, तेव्हा बाबा खुर्ची टाकून समोर बसले. ते मिरजेचे. एसटीच्या टपावर ट्रंका, सायकली आणि कोंबड्यांची डालगी चढताना बघत मोठे झालेले. त्यांनी सॅडल बोटानं दाबून पाहिलं.

"अगं, हे रबराचे चार तुकडे एवढं ओझं धरणार?"

"धरायचं काम त्यांचं नाही बाबा. ते फक्त हलू देत नाहीत. धरतो तो बार."

पट्टा कयाकवरून टाकला, बारखालून घेतला, पलीकडून परत वर आणला आणि बकलमध्ये ओवला. बारखालून घेताना तो सॅडलच्या पायाच्या आतल्या बाजूनं घ्यायचा, म्हणजे बारच्या टोकाकडे सरकायला त्याला वाटच राहत नाही. पट्टे कॅम बकलचे, हातानं ओढायचे. ट्रकवाले वापरतात ते दांड्यानं आवळायचे रॅचेट इथे नकोत. त्यांची दोन-चार टिकटिक जास्त झाली की पॉलिएथिलीनचा तळ आत जातो, आणि फायबरग्लासची कयाक असेल तर तडकतेच. पट्टा किती आवळायचा? कयाकला धरून हलवलं की तिच्याबरोबर गाडी हलली पाहिजे. तेवढं पुरे.

मग पुढची आणि मागची दोरी. सोळा फुटांच्या कयाकला छपरावरचे दोन बार फार जवळ पडतात, पुढचं टोक वाऱ्यात वर-खाली मान डोलवतं. आमच्या गाडीला पुढे हूक दिसत नाही, म्हणून बॉनेटखालच्या बोल्टमध्ये कापडी फासे अडकवलेत. बॉनेट लावलं की फासे फटीतून बाहेर येतात, दोरी त्यांना बांधायची. ही दोरी ताणून ताठ करायची नसते, टोक खाली वाकेल. ढिलाई काढायची आणि थांबायचं. उरलेलं शेपूट गुंडाळून खोचून टाकायचं, ते चाकाखाली गेलं तर कयाक गाडीत येईल. बाबांनी उठून मागची गाठ सोडली आणि स्वतःची मारली. ती माझ्या गाठीपेक्षा चांगली होती. मागे चार फुटांहून जास्त भाग बाहेर येत होता, म्हणून तिथे लाल फडकं. तोंड वर असल्यानं पावसाचं पाणी साठू नये म्हणून कॉकपिटला, म्हणजे बसायच्या त्या तोंडाला, झाकणं.

एक गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही. कयाक सॅडलमध्ये इतकी खाली बसते की मागचं दार अर्धंच उघडतं. जेवणाचे डबे, पाणी, रेनकोट, जे वाटेत लागेल ते मागच्या सीटवर माझ्या पायाशी.

आय-७५ला लागलो आणि ताशी साठ मैलांवर टपातून भुंगा घुमायला लागला. हा पट्ट्यांचा आवाज. सपाट पट्टा वाऱ्यात थरथरतो, त्याला कयाक आणि बारच्या मधे एखादा पीळ दिला की गप्प होतो. पहिल्या वीस मिनिटांत थांबायचं आधीच ठरलं होतं, कारण नवे पट्टे थोडे बसतात आणि कयाकही सॅडलमध्ये जराशी रुतते. रेस्ट एरियात पीळ दिले, बकलं पुन्हा ओढली. पुढे बाबांना नवऱ्याशेजारी बसवलं आणि काचेतून दिसणाऱ्या दोन दोऱ्यांकडे लक्ष ठेवायचं काम दिलं. ते त्यांनी इतकं मनावर घेतलं की बे सिटीपासून दर दहा मिनिटांनी "डावीकडची हलतेय" असा अहवाल येऊ लागला.

मॅकिनॉचा पूल पाच मैल लांब. १९५७ साली खुला झाला. त्याआधी मिशिगनच्या खालच्या भागातून वरच्या भागात गाडी न्यायची तर फेरीबोट हाच उपाय. पुलावर वाऱ्याचे स्वतंत्र नियम आहेत. वारा वाढला की वेग कमी करायला लावतात, अजून वाढला की उंच गाड्या थांबवून सोबतीनं पलीकडे नेतात, आणि टपावर कनूसारखी होडी वगैरे बांधलेली गाडीही त्यांच्या हिशेबी उंच गाडीत जमा होते. त्या दुपारी फलकावर वाऱ्याची सूचना लागलेली होती, रांग हळू सरकत होती. आतल्या लेनला डांबर नाही, लोखंडी जाळी आहे. टायर तिच्यावर गुरगुरतात आणि जाळीतून खाली पाणी दिसतं. आम्ही बाहेरची लेन धरली. मधल्या झुलत्या भागात, पाण्यापासून दोनशे फुटांवर, डावीकडून लेक मिशिगनचा वारा आला आणि गाडी एक हिसका खाऊन सरळ झाली. मी खिडकीतून मान वाकडी करून वर पाहत होते. दोन्ही कयाक टपाला चिकटून, गाडी हलेल तेवढ्याच हलत होत्या. पलीकडच्या लेनमधल्या एका ट्रकवर उभी बांधलेली कयाक प्रत्येक झोताला कमान टाकत होती. जे-क्रेडलला नावं ठेवत नाही, पण त्या पुलावर मला ती नको होती.

पुढे यूएस-२ वरून लेक मिशिगनच्या काठाकाठानं, मग सीनीला डावीकडे वळून एम-२८. सीनी ते शिंगलटन हा पंचवीस मैलांचा रस्ता पट्टीनं आखल्यासारखा सरळ आहे, दोन्ही बाजूंना पाणथळ आणि झाडी. त्याबद्दल याहून जास्त लिहिण्यासारखं नाही. बाबा झोपले, दोऱ्यांचा अहवाल बंद.

पहाटे मायनर्स बीचला पार्किंगमध्ये कयाक उतरवायला काहीच वेळ लागला नाही. चढवली त्याच्या उलट, मागून ओढायची, एकानं टोक धरायचं. जुलै असूनही पाणी पाय बधिर करणारं, म्हणून दोघं वेटसूटमध्ये. किनारा सोडून पूर्वेला वळलो की लवकरच कडे सुरू होतात. दगडातून पाणी झिरपतं आणि आपल्याबरोबर खनिजं आणतं. लोहाचे तांबडे-नारिंगी ओघळ, तांब्याचे हिरवे-निळे, मँगनीजचे काळे, वरून खाली रंग सांडल्यासारखे. बोटीवरून हे चित्र दिसतं. कयाकमधून ओल्या दगडाला हात लागतो, आणि कपारीत लाट शिरून हवा कोंडली की "धप्प" असा आवाज पोटात ऐकू येतो. लव्हर्स लीपच्या कमानीपर्यंत गेलो तोवर पाण्यावर बारीक सुरकुत्या यायला लागल्या होत्या. वारा आता उत्तरेकडून यायला लागला होता. अजून पुढे जाण्याचा मोह होता, तरी वळलो. मायनर्स बीचला पोचलो तेव्हा पर्यटकांची मोठी बोट समोरून चालली होती. बाबा तिच्यात होते. त्यांनी आम्हाला ओळखलं नाही, पण बोटीतल्या सगळ्यांबरोबर हात मात्र हलवला.

परतीची बांधाबांध जास्त काळजीनं करावी लागते. तळाला ओली वाळू लागलेली असते, ती फेल्टमध्ये अडकली की पुढच्या प्रत्येक वेळी कयाकवर सँडपेपर फिरतो. म्हणून आधी तळ धुवायचा, पुसायचा. आणि उन्हात गाडी उभी राहणार असेल तर पट्टे थोडे सैल सोडायचे. तापलेलं पॉलिएथिलीन मऊ होतं आणि सॅडलच्या जागी खळगा पडतो. तो बहुधा उन्हातच ठेवल्यावर भरूनही येतो, पण निघताना पट्टे पुन्हा ओढायला विसरायचं नाही. त्यासाठी मी किल्लीला पट्ट्याचा एक तुकडा बांधून ठेवलाय.

म्युनिसिंगमध्ये पेस्टी घेतल्या. कॉर्नवॉलहून आलेल्या खाणकामगारांनी इथे रुजवलेली मांस-बटाट्याची मोठी करंजी. तिच्यावर केचप घ्यायचं की ग्रेव्ही, यावरून इथली माणसं भांडतात. मागचं दार उघडत नव्हतंच, त्यामुळे गरम खोका पुलापर्यंत बाबांच्या मांडीवर, आणि एक हात खोक्यावर ठेवून त्यांचं दोऱ्यांवर लक्ष पुन्हा सुरू.