मयत सहहिस्सेदार आणि आत्याचं घरकुल

पावसाळ्यात आत्याकडे राहायला गेलं की पहिल्या रात्रीच कळायचं, तिचा खोकला कुठून येतो ते. गोधडी अंगावर घेतली की ओलसर लागायची. पश्चिमेकडची मातीची भिंत कमरेच्या वरपर्यंत काळी पडलेली. हात टेकला तर बुरशी हाताला यायची. आमचं गाव सिंधुदुर्गात, खाडीच्या तोंडाशी. समुद्रावरून येणारी झड सरळ त्या भिंतीवर. पूर्वी मिरगाच्या आधी झावळ्या विणून भिंतीला आडोसा बांधायचे. आता विणणारं कोणी नाही. बाबा गेले, बाकीची भावंडं मुंबईला, आणि आत्या एकटी, एकाहत्तर वर्षांची. नवरा लवकर गेल्यावर ती माहेरी परत आली ती कायमचीच.

मी तिला स्वेटर नेऊन दिला तेव्हा म्हणाली, "थंडी नाय गो ती, ओल आसा. हाडात बसता."

प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरबाईंनी औषध लिहायच्या आधी विचारलं, "आजी, खाट भिंतीला लागून आहे का?" दम्याच्या माणसाच्या श्वासात बुरशीचे कण गेले की श्वासनळ्या सुजतात, हे त्यांनी समजावलं. अंगाखालचं अंथरूण ओलसर असेल तर ते अंगाची ऊब ओढून घेत राहतं, आणि म्हातारपणी शरीराला ती पटकन भरून काढता येत नाही. थंडीनं रक्तवाहिन्या आकसतात, बीपी चढतं. जागतिक आरोग्य संघटनेनं 2018 साली थंड हवेच्या देशांसाठी घरात किमान 18 अंश तापमान असावं असं सांगितलं. आमच्याकडे जुलैतल्या रात्रीही 24-25 अंश असतात. त्यामुळे कोकणातलं घर कुणाच्या हिशेबात गार नसतंच. पण त्या गोधडीत मी झोपले आहे.

2018-19 मधल्या सर्वेक्षणात आत्याचं नाव घरकुलाच्या 'ड' यादीत, म्हणजे पात्र कुटुंबांच्या प्रतीक्षा यादीत, आलं होतं. ग्रामसभेत कुणी हरकत घेतली नाही. 2022 च्या पावसाच्या तोंडावर ग्रामसेवकांचा फोन आला, प्रधानमंत्री आवास योजनेत नंबर लागलाय, कागद द्या. आधार, पासबुक, रेशनकार्ड, जॉबकार्ड, नमुना 8 चा उतारा, सगळं दोन दिवसांत जमलं. घरपट्टी आत्याच्याच नावावर होती, म्हणून मी निर्धास्त होते.

आणि मग ती खिडकी. तालुक्याच्या कचेरीतली.

पहिल्या खेपेला सांगितलं, सातबारा सामायिक आहे, नऊ नावं आहेत, इतर आठांची संमती आणा. त्या नवांत एक नाव माझंही, म्हणजे उरले सात. मी सगळ्यांना फोन केले. दुसऱ्या खेपेला साध्या कागदावरच्या तीन संमती नेल्या, तर म्हणे स्टॅम्पपेपरवर पाहिजे, शंभराच्या. हे पहिल्या दिवशी सांगता आलं नसतं का? तिसऱ्या खेपेला ते साहेब ट्रेनिंगला. गावातून तालुक्याला सकाळची एसटी, परतीची साडेतीनला, आणि माझी दिवसाची रजा. चौथ्या खेपेला त्यांनी सातबाऱ्यावर बोट ठेवलं: "हे कुठेत? यांची सही?"

ते तात्याकाका. बाबांचे चुलतभाऊ. 1998 साली मुंबईत वारले. मी सांगितलं, ते नाहीत. उत्तर आलं, "मग वारस लावून आणा. नाहीतर नाव मागे पडेल, पुढच्याला जाईल."

त्या दिवशी मी कचेरीच्या पायरीवर बसून रडले. बाहेर धो धो पाऊस, आणि मला दिसत होती ती काळी भिंत. चोवीस वर्षांत वारस लावला नाही ही आमच्या घराची चूक, मान्य. पण ज्या बाईला श्वास घेता येत नाही, तिला एका मेलेल्या माणसाच्या नोंदीसाठी आणखी एक पावसाळा त्याच घरात काढायला लावायचा? मी डॉक्टरबाईंची चिठ्ठी पुढे केली. ती वाचलीही नाही.

इथे एक सांगून ठेवते, कारण ते मला फार उशिरा सुचलं. तोंडी काही ऐकून घेऊ नका. पाचव्या खेपेला मी गटविकास अधिकाऱ्यांच्या नावे अर्ज केला: अमुक लाभार्थीच्या प्रकरणात कोणकोणते कागद अपुरे आहेत ते एकदाच लेखी कळवावे. आवक क्रमांक घेतला, पोच घेतली. आठवड्याभरात यादी हातात आली. दोनच गोष्टी होत्या. राहिलेल्या संमती आणि तात्याकाकांचे वारस.

त्यांचे दोन मुलगे, एक नालासोपाऱ्याला, एक डोंबिवलीला. धाकटा लगेच हो म्हणाला. थोरला म्हणाला, "सही केली तर उद्या आमचा हिस्सा गेला." मला आधी राग आला, मग वाटलं, तो म्हणतो ते अगदीच खोटं नाही, कोकणात अशा सह्यांवरून भावकी तुटलेली मी पाहिली आहे. मग आमच्या ओळखीच्या वकिलांनी मजकूर बदलून दिला. 'सदर संमती फक्त लाभार्थीने राहत्या जागी घरकुल बांधण्यापुरती असून, जमिनीतील आमचा हक्क व हिस्सा आम्ही सोडलेला नाही.' बांधकामाची जागा चतु:सीमेसह लिहिली. हे एक वाक्य सुरुवातीलाच घातलं असतं तर दोन महिने वाचले असते.

त्या वर्षी गणपती 31 ऑगस्टला होते. सगळे चाकरमानी गावी. दुसऱ्या दिवशी दुपारी आरती झाल्यावर मी ओटीवर कागद मांडले. आत्या माजघरात खोकत होती, ते सगळ्यांना ऐकू येत होतं. थोरल्यानं मजकूर दोनदा वाचला, आत गेला, ती भिंत बघून आला आणि सही केली.

वारस नोंदीला मुलांनी मुंबईहून मृत्यूचा दाखला आणला, प्रतिज्ञापत्र केलं, तलाठ्यांकडे अर्ज दिला. नोटिशीचे पंधरा दिवस, मग मंडळ अधिकाऱ्यांची सही. नोव्हेंबरच्या शेवटी नवा सातबारा निघाला. खिडकीतल्या माणसानं तो घेतला, फाइलला लावला, एक शब्द बोलला नाही.

पुढचं सरळ झालं. पैसे टप्प्याटप्प्यानं आत्याच्या खात्यात आले. दर टप्प्याला बांधकामाचा फोटो जागेवरून मोबाइलवर काढून चढवतात. जोतं झाल्यावर ग्रामसेवकांना (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) लगेच बोलवा, नाहीतर हप्ता लांबतो. तेव्हा योजनेचे 1,20,000 रुपये मिळायचे, रोजगार हमीतून 90 दिवसांची मजुरी वेगळी. एवढ्यात चिऱ्याचं, म्हणजे जांभ्या दगडाचं, घर होत नाही, वरचे पैसे आम्ही भावंडांनी घातले. किमान 25 चौरस मीटरचं घर लागतं, स्वयंपाकाची जागा धरून. जुनी कौलं चांगली होती ती वापरली. गवंडी छपराची पश्चिमेची पाखी नेहमीएवढीच काढत होता. मी हट्टानं दोन फूट पुढे काढायला लावली, आणि चिऱ्याला बाहेरून गिलावा. जांभा पाणी पितो, उघडा ठेवला तर ओल आत येतेच.

घर व्हायच्या आधीच्या त्या पावसाळ्यात काय केलं तेही सांगते. खाट भिंतीपासून हातभर पुढे ओढली. ओले कपडे झोपायच्या खोलीतून पडवीत नेले. ओल्या लाकडांची चूल बंद केली, कारण धूर आणि बुरशी दोन्ही एकाच छातीत जात होती. ऊन पडलं की गोधड्या बाहेर. एवढ्यानं रात्रीचा खोकला थोडा उतरला होता. गावातल्या आशा सेविका येऊन बघून जायच्या, त्यांनीच दम्याचा पंप ओढायची रीत आत्याला नीट शिकवली.

2023 च्या जूनमध्ये आत्या नव्या घरात गेली. त्या पावसाळ्यात रात्रीची वाफ घ्यायला एकदाही आरोग्य केंद्रात जावं लागलं नाही. आधीच्या वर्षी सहा वेळा गेलो होतो.

वाडीतल्या शेजारणीचं नाव आता 2025 च्या सर्वेक्षणात गेलंय. तिच्या सातबाऱ्यावर चौदा नावं आहेत, त्यांतली तीन माणसं हयात नाहीत. तिला सांगितलंय, मंजुरीची वाट बघू नकोस, वारस आत्ताच लाव. येत्या चतुर्थीला मी दोन दिवस आधी गावी जाणार आहे, संमतीपत्रं छापून घेऊन.