किल्ल्यांचा जुडगा मिरजेत आणि शाळा केनियात

केनियातल्या एका मिशन शाळेत मी तीन वर्षं बोर्डिंग आणि स्टोअर बघितलं. सगळ्यांनी मिळून शाळा चालवायची हे तिकडं कसं जमलं असं चर्चमधली माणसं विचारतात तेव्हा मला आधी किल्ल्यांचा जुडगा आठवतो.

कागदावर सगळं होतंच. तिथल्या २०१३ च्या शिक्षण कायद्याप्रमाणे बोर्ड, त्यात पालकांचे सहा, शिक्षकांनी निवडलेला एक, चर्चचे तीन, शिवाय पोरांच्या कौन्सिलचा एक. मीटिंगा वेळेवर, प्रार्थना, चहा (तेही चायच म्हणतात, आणि चपातीला चपाती). पण सही माझी, किल्ली माझी, पोती मोजणार मीच. कुणी काही बोलायचं नाही, मला वाटायचं यांना इंटरेस्टच नाही.

डिसेंबरच्या सुट्टीत मिरजेला आले आणि कावीळ झाली. जानेवारीत तिकडं शाळा उघडली तेव्हा मी इथं मुगाचं पाणी पीत पडलेली. सकाळी नऊला फोन, म्हणजे तिकडं साडेसहा, स्वयंपाकाच्या बाई विचारतायत मॅडम स्टोअरची किल्ली कुठाय. पर्स उघडली तर जुडगा आत! पोरांना गिथेरी करायची म्हणजे मका आणि घेवडा पाहिजे आणि ते सगळं कुलपात. मी म्हटलं थांबा, प्रिन्सिपलशी बोलते, तर त्या म्हणाल्या कुलूप मघाशीच तोडलंय, फक्त कळवायला फोन केला.

लई राग आला. आईला सांगितलं तर ती मेथी निवडता निवडता म्हणाली, "तुझी आजी बोर्डिंगात स्वयंपाकाला होती तेव्हा साखरेच्या कपाटाची किल्ली गोऱ्या मॅडमच्या कमरेला. चिमूटभर साखरेला आजी बंगल्यावर जायची. काय काय बोलायची मॅडमला, आठवतंय ना?"

आठवत होतं की. वानलेस डॉक्टरांनी १८९४ ला मिरजेत दवाखाना काढला, त्यामुळं आमच्याकडं मिशनरी लोकांच्या गोष्टी घरोघरी, चांगल्या पण आणि अशा पण. त्या ऐकत वाढलेली मी तिकडं जाऊन तीच मॅडम झालेले, फक्त सावळी.

परत गेल्यावर एक किल्ली स्वयंपाकघरात दिली, एक शिक्षकांच्या प्रतिनिधीकडं, आणि दर शनिवारी दोघांनी मिळून पोती मोजायची. पहिल्याच शनिवारी चार पोती जास्त निघाली, चूक माझ्याच रजिस्टरची, ती सगळ्यांसमोर वाचली गेली आणि मला खाली बघावं लागलं. मीटिंगचा अध्यक्ष पाळीपाळीनं करायचा ठरलं पण दोन मीटिंगा सगळे माझ्याच तोंडाकडं बघत बसले, मग तिसऱ्या मीटिंगला मी उठून चहा करायला गेले आणि मुद्दाम उशीर लावला. परत आले तर कौन्सिलची पोरगी उभी राहून विचारत होती की घेवड्यात एवढे खडे का येतात आणि पालक एकमेकांशी भांडत होते.

घेवडा विकणारा शेवटी बदलला, त्यांनीच. नवा महाग पडतो. माझ्या हातात असतं तर नसता घेतला.